ताजमहाल हॉटेल : एका भटारखान्याची हकीकत

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने मागच्या रांगेत बसून ऐकावे, हाच आजवरचा शिरस्ता. माझे शिक्षण रात्रशाळेत झाले, तेही अर्धेमुर्धे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचन मंदिराच्या बाकांवर आणि या मालेच्या खुर्च्यांवर. आज बोलण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा एका स्नेह्याने सुचविले की कामगार चळवळीवर बोला. मी म्हटले, चळवळीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ज्या धंद्यात आयुष्य काढले त्यातल्या सर्वांत नामांकित घराची हकीकत सांगतो. ते घर म्हणजे मुंबईचे ताजमहाल हॉटेल, आणि त्यातून वाढलेली ताज हॉटेलांची साखळी.

मी ताजचा नोकर कधीच नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. एकोणिसाव्या वर्षी मी पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात भांडी धुण्याच्या कामावर लागलो. पहिल्या दिवशी मोठ्या दाराने आत शिरू लागलो, तेव्हा दरवानाने खांद्याला धरून मला मागच्या गल्लीतले दार दाखविले. त्याचा दोष नव्हता. पाळी संपली की तोही त्याच दाराने घरी जात असे. प्रत्येक मोठ्या हॉटेलाला अशी दोन दारे असतात. हॉटेलांचे जे इतिहास छापले जातात, ते बहुतेक पुढच्या दाराने आत गेलेल्यांनी लिहिलेले आहेत. ते खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. उरलेला अर्धा भाग त्याला जोडून पाहावा, एवढाच आजचा खटाटोप.

हॉटेल म्हणजे काय?

पुण्यात 'चला हॉटेलात' म्हटले की चहा आणि मिसळ डोळ्यांपुढे येते. मला म्हणावयाचे आहे ते उतरण्याचे हॉटेल. पूर्वी आपल्याकडे प्रवाशाची सोय तीन प्रकारांनी होई. नातलग असले तर त्यांचे घर, कोणा पुण्यवंताने बांधलेली धर्मशाळा, आणि पैसे देऊन जेवावयाचे तर खानावळ. घरी नाते लागे. खानावळीत बहुधा जात विचारीत. धर्मशाळेत छप्पर तेवढे मिळे. वळकटी आणि शिधा ज्याचा त्याने आणावयाचा. विलायती पद्धतीचे हॉटेल ही याहून निराळी गोष्ट. संपूर्ण अनोळखी माणसाने यावे, दर विचारावा, पैसे मोजावेत, आणि त्याला बिछाना, स्नान, जेवण व रात्रीची निर्धास्त झोप मिळावी. यात नाते नाही आणि उपकारही नाही.

आता या व्यवहारात माल कोणता विकला जातो, ते पाहा. खोली विकली जात नाही. ती जागच्या जागी राहते. विकली जाते ती दुसऱ्या कोणाची तरी मेहनत : बदललेली चादर, घासलेले न्हाणीघर, अपरात्री वर नेऊन दिलेला चहा. हा माल साठवूनही ठेवता येत नाही. गिरणीतले कापड आज खपले नाही तर उद्या खपते. पण आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा भाड्याने देता येत नाही. म्हणून हा धंदा चोवीस तास आणि बाराही महिने चालतो, आणि म्हणूनच त्यातल्या माणसाला सणवार नसतो. दिवाळीच्या पहाटे तुम्ही अभ्यंगस्नान करीत असता, तेव्हा आमचा माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी न्हाणीघरात टॉवेल लावीत असतो.

वॉटसनचे दार आणि जमशेटजी

मुंबईत या पद्धतीचे जुने नामांकित हॉटेल म्हणजे काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणला होता. १८६० ते १८७० या दशकात ते उभे राहिले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली ती येथेच. ती इमारत अद्याप आहे, पण मोडकळीस आलेली.

आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली गोष्ट अशी की, जमशेटजी नसरवानजी टाटा एकदा वॉटसनमध्ये गेले असता 'येथे फक्त युरोपियनांनाच प्रवेश आहे' म्हणून त्यांना परत पाठविले, आणि त्या अपमानाच्या रागातून त्यांनी ताज बांधले. गोष्ट मोठी ठसकेबाज आहे. पण हा प्रसंग घडल्याचा समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही, आणि काहींनी तर ती कथा साफ नाकारली आहे. मला वाटते, ती टिकून राहिली याचे कारण ती खरी असण्याची गरजच नव्हती. त्या काळी गोऱ्यांच्या क्लबांत आणि हॉटेलांत असे रोज घडत होते, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपला स्वतःचा एखादा अपमान आठवत होता.

खरे कारण शोधावयाचे तर त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढल्या वर्षी तो पुण्यात पोचला आणि त्याने येथे काय केले, रँडचे प्रकरण कसे घडले, हे पुणेकरांना सांगावयास नको. मुंबईतून माणसे पळत होती आणि परदेशी व्यापारी शहराचे नाव घ्यावयास कचरत होते. अशा वेळी जमशेटजींनी पालव बंदराजवळ, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर, मोठे हॉटेल बांधण्याचे मनावर घेतले. त्यांच्या माहितीतल्या लोकांनी लिहून ठेवले आहे की हॉटेलाचा धंदा करावा हा त्यांचा हेतू नव्हता. लोक हिंदुस्थानात यावेत, मुंबईचे नाव पुन्हा वर यावे, हा होता. त्यांच्या डोक्यात तेव्हा लोखंडाचा कारखाना, पाण्यावरची वीज आणि विज्ञानसंस्था ही तीन मोठी कामे घोळत होती. त्यांत हे चौथे निघाले, तेव्हा त्यांच्या बहिणीने थट्टेने विचारल्याचे सांगतात की, एवढी मोठी कामे सोडून आता भटारखाना काढणार काय?

भटारखाना! मला हा शब्द फार आवडतो. त्यात हॉटेलाचे खरे रूप आले. वर कितीही घुमट चढवा, खाली चूल पेटलेली असते आणि तिच्यापुढे कोणीतरी घाम गाळीत असतो.

जमशेटजींविषयी कामगार कार्यकर्त्याने काय म्हणावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. जे खरे आहे ते म्हणावे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली त्यांनी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ केली. सरकारने असले कायदे करावयास त्यानंतर कित्येक वर्षे लागली. पण मालक भला असणे आणि कामगाराचा हक्क असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भल्या मालकाचा वारस कसा निघेल ते सांगता येत नाही. हक्क कागदावर असला म्हणजे तो वारसाच्या स्वभावावर अवलंबून राहत नाही.

बांधणारे हात

ताजच्या नकाशामागे एक मराठी माणूस होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे त्यांचे नाव. बोरीबंदरचे स्टेशन उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली तयार झालेले हे वास्तुशिल्पी. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. १९०० साली वैद्य वारले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशिल्प्याने पुरे केले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी यांचे. मधला तो प्रसिद्ध जिना, जो पाहताना आधारावाचून तरंगल्यासारखा वाटतो, तो त्यांच्याच कल्पनेतला.

या इमारतीविषयी दुसरी एक लोणकढी थाप मुंबईत फिरते. ती अशी की, नकाशा विलायतेहून आला, येथल्यांनी तो उलटा धरला, हॉटेलाची पाठ समुद्राकडे झाली, आणि ते पाहून गोऱ्या शिल्प्याने जीव दिला. यातले काहीएक खरे नाही. हॉटेलाचे दार शहराच्या बाजूस मुद्दाम ठेवले होते. कारण पाहुणे घोड्याच्या गाडीतून शहराकडून येत. आणि ज्यांनी नकाशा केला ते वैद्य तर काम पुरे होण्यापूर्वीच आजाराने गेले होते. पण थाप कशी रचली आहे पाहा! तीत चूक नेटिवांची आणि हळवे मन साहेबाचे. वैद्यांचे नाव पुसले गेले आणि कधी नसलेला साहेब अमर झाला.

इंडियन हॉटेल्स कंपनी १९०२ साली नोंदली गेली आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. पहिल्या दिवशी पाहुणे अवघे १७ होते, असे सांगतात. विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की स्नानगृह, स्वतःची लाँड्री, बर्फाचे यंत्र, सोडावॉटरचा कारखाना, टपाल कचेरी, औषधांचे दुकान, असा सारा सरंजाम होता. एका छपराखाली एक लहानसे गावच वसविले होते म्हणा ना! ते बहरलेले पाहणे मात्र जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला, हॉटेल उघडून सहा महिनेही झाले नव्हते.

पहिल्या महायुद्धात या हॉटेलाचे ६०० खाटांचे इस्पितळ झाले. त्याच्यासमोरचे 'गेटवे ऑफ इंडिया' १९२४ सालचे. म्हणजे छायाचित्रांत ही जोडी नेहमी एकत्र दिसत असली, तरी हॉटेल वीस वर्षांनी वडील आहे.

आता मागच्या दाराकडे वळू. आरंभीच्या काळात वरचे व्यवस्थापक गोरे आणि हात सारे देशी. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतल्या आणि बोटींवरच्या भटारखान्यांत गोव्याच्या माणसांचा भरणा मोठा होता. ही माणसे धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या 'कूडां'त राहत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालविलेली बिऱ्हाडाची जागा. एका भिंतीला अल्तार, त्याच्या बाजूला रांगेने पेट्या, आणि काम मिळेपर्यंत गाववाल्यांचा आधार. संघटना हा शब्द न वापरता केलेली ती संघटनाच होती. याच गोव्याच्या परंपरेतले मिगेल आर्कांजो मास्कारेन्यस, ज्यांना सारे 'मास्की' म्हणत, ताजच्या भटारखान्याचे मुख्य आचारी झाले. जेथे मुख्य आचारी परदेशी असावयाचा अशी रीत होती, तेथे हे घडले.

तेव्हा या धंद्याला शाळा नव्हती. मसालचीने भांडी घासता घासता आचाऱ्याचा हात पाहावा आणि शिकावे. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत या विद्येची देशातली पहिली संस्था निघाली. दादरला ती आजही आहे. आपल्या पुण्यातही आता सरकारी संस्था आहे. शाळा निघाली, धंद्याला प्रतिष्ठा आली, हे चांगलेच झाले. फक्त एक नवा फरक पडला : कागद घेऊन येणारा एका पायरीवर चढू लागला आणि मसालची म्हणून येणारा तळाशीच राहू लागला. पूर्वीचा जिना अरुंद होता, पण तळापासून वर जात होता.

एका घराची साखळी

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शेजारचे ग्रीन्स हॉटेल सोडले तर १९०३ पासून १९७० पर्यंत ताज म्हणजे एकच घर. सदुसष्ट वर्षे! मग दहा वर्षांतच त्याची साखळी झाली. असे कशाने झाले?

तीन कारणे एकत्र आली. पहिले कारण विमान. १९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो जेट आले. एकेका खेपेस तीनशेच्या वर माणसे येऊ लागली, आणि त्यांना उतरावयास खोल्या हव्या होत्या. दुसरे कारण परकीय चलन. सरकारला त्याची निकड होती आणि प्रवासी ते बरोबर घेऊन येतात. तिसरे कारण राजेरजवाडे. त्यांचे तनखे १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले. वाडे मोठे, खर्च मोठा आणि उत्पन्न थांबलेले. उदयपूरच्या तळ्यातला महाल १९७१ साली आणि जयपूरचा रामबाग १९७२ साली ताजकडे चालवावयास आला.

मुंबईत जुन्या हॉटेलाशेजारी, ग्रीन्सच्या जागी, १९७३ साली नवा मनोरा उभा राहिला. १९७४ साली गोव्यात सिकेरीला, पोर्तुगीजांच्या आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून किनाऱ्यावरचे हॉटेल निघाले. त्याच साली मद्रासला एक. १९७८ साली दिल्लीला, १९८२ साली थेट लंडनला. १९८३ साली राष्ट्रकुलाच्या परिषदेतले राष्ट्रप्रमुख दिल्लीहून विसाव्याला गोव्याच्या याच किनाऱ्यावर आले होते. आज गोव्याला जाणाऱ्यांची जी रीघ लागते, तिच्या आरंभीच्या पायवाटांपैकी ही एक.

या सगळ्या वाढीमागे जे. आर. डी. टाटांचा पाठिंबा आणि एका मराठी माणसाची धडाडी होती. ते अजित केरकर. भटारखान्याच्या आणि खानपानाच्या बाजूने वर आलेला हा माणूस, मोठ्या भांडवलदाराचा मुलगा नव्हे. पंचवीसेक वर्षे त्यांनी ही साखळी वाढविली आणि १९९७ साली टाटांच्या नव्या नेतृत्वाशी मतभेद होऊन ते पायउतार झाले. मराठी माणसाला धंदा जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी वैद्य आणि केरकर ही दोन नावे ध्यानात ठेवावीत. एकाने घर आखले, दुसऱ्याने त्याची साखळी केली.

पुण्यापुरते सांगावयाचे तर कोरेगाव पार्काजवळचे 'ब्लू डायमंड' आपल्या किर्लोस्करांच्या समूहाने उभारले होते. पुढे तेही ताजच्या साखळीत गेले. २००४ पासून कंपनीने 'जिंजर' नावाची, मध्यम ऐपतीच्या प्रवाशांची स्वस्त हॉटेलेही काढली. पिंपरीत तसे एक आहे. आज कंपनीची निरनिराळ्या नावांची दोनशेहून अधिक हॉटेले चालतात.

आता साखळी म्हणजे नेमके काय, ते उलगडून सांगतो, कारण पुढचा सारा प्रश्न त्यात आहे. साखळीतले प्रत्येक घर कंपनीच्या मालकीचे नसते. जागा आणि इमारत एकाची असते. कंपनी आपले नाव, आपली पद्धत आणि आपली वरची माणसे देते आणि त्याबद्दल उत्पन्नाचा हिस्सा घेते. महालांच्या बाबतीत हे आरंभापासून होते. गेल्या काही वर्षांत हेच मुख्य धोरण झाले आहे, आणि केवळ ताजचे नव्हे, जगातल्या बहुतेक मोठ्या साखळ्यांचे. जमिनीत पैसा अडकवावयाचा नाही, नाव भाड्याने द्यावयाचे. धंद्याच्या दृष्टीने यात शहाणपण आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण नाव दुसऱ्या गावी नेतात कसे? विटा तर उचलून नेता येत नाहीत. नवे हॉटेल उघडावयाचे म्हणजे जुन्या हॉटेलातली मुरलेली माणसे काही महिने आधी तेथे धाडतात. चादर कशी दुमडावी, पाहुण्याशी किती बोलावे आणि कोठे थांबावे, सामिष-निरामिष भांडी कशी वेगळी ठेवावीत, हे ती नव्यांना हाती धरून शिकवितात. नाव जाते ते या माणसांच्या हातांतून. २०१७ साली मुंबईच्या ताजच्या इमारतीच्या आकाराची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. भारतात एखाद्या इमारतीची अशी नोंद प्रथमच झाली. घुमटाची नोंद झाली हे ठीकच आहे. हातांची नोंद कोठे होते, हा माझा प्रश्न.

मागचे जिने

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले. मुंबईत १६६ माणसे मारली गेली. ताजमध्ये २९ तारखेच्या सकाळपर्यंत झुंज चालली; तेथे किमान ३१ जण गेले, आणि त्यांत डझनभर हॉटेलचे कर्मचारी होते. पळून जाता आले असते असे कितीतरी नोकर पळाले नाहीत. टेलिफोनवरच्या मुलींनी जागेवर राहून खोल्याखोल्यांतून पाहुण्यांना फोन केले, की दारे लावून घ्या, दिवे मालवा. भटारखान्यातल्या माणसांनी पाहुण्यांना मध्ये घेऊन बाहेर काढले, आणि त्यांतले काही त्या कामात गोळ्यांना बळी पडले. हॉटेलाच्या व्यवस्थापकांची पत्नी आणि दोन मुले वर आगीत गेली, तरी ते कामावर उभे राहिले.

या वागण्याचा पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या लोकांनी अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, कंपनी लहान गावांतली मुले घेते, इतरांहून अधिक काळ शिक्षण देते आणि चांगल्या कामाची लगेच दखल घेते, म्हणून हे घडले. तो निष्कर्ष मी खोडून काढीत नाही. कंपनीने हल्ल्यानंतर महिनाभरातच मदतीचा न्यास काढला आणि बाहेरच्या पीडितांनाही त्यातून मदत केली, हेही येथे नमूद केले पाहिजे. मनोरा २१ डिसेंबर २००८ रोजी आणि जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

पण या धंद्यात भांडी धुतलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या रात्री पुढच्या दाराशी मृत्यू होता. जे वाचले त्यांतले पुष्कळसे मागच्या दाराने वाचले. भटारखान्यातून, नोकरांच्या जिन्यांवरून, सामान नेण्याच्या बोळांतून त्यांना काढले. ते जिने पाहुण्यांना ठाऊक नसतात. अंधारात, धुरात, कोणता बोळ कोठे निघतो हे ज्याच्या पायांना वर्षानुवर्षांच्या पाळ्यांनी शिकविले आहे, त्यालाच ते जमते. आणि आपल्या शेजारी उभा असलेला सोबती पळणार नाही, हा विश्वासही एका महिन्यात येत नाही.

आता आजची स्थिती पाहा. मी एका हॉटेलाविषयी बोलत नाही, साऱ्या धंद्याविषयी बोलतो. जागेचा मालक एक, नाव देणारी कंपनी दुसरी, आणि झाडणारा, धुणारा, राखण करणारा माणूस तिसऱ्याच कंत्राटदाराचा. आमच्या कचेरीत असा एखादा मुलगा येतो. मी विचारतो, "दादा, तुझा मालक कोण?" तो गणवेशावरचे हॉटेलाचे नाव दाखवितो. पगाराची चिठ्ठी पाहावी तर तीवर कोणा कंत्राटदाराचे नाव. तेही गेल्या वर्षी निराळे होते. कायमच्या कामावर कंत्राटी माणसे नेमण्यास आळा घालावा म्हणून १९७० साली कायदा झाला. २०१९ आणि २०२० साली संसदेने जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता मंजूर केल्या. कायदा कोणताही असो, 'मालक कोण' याचे उत्तर मिळाल्याखेरीज कोणत्याच कलमाचा उपयोग होत नाही. टाळेबंदीत, २०२० साली, ही गोष्ट उघडी पडली. हॉटेले बंद झाली, तेव्हा ज्यांची नावे हॉटेलाच्या हजेरीपटावर होती त्यांना काही ना काही मिळाले. कंत्राटदाराच्या माणसांनी कोणाच्या दारात जावे, हेच कळेना. त्या महिन्यांत आम्ही धान्याच्या पिशव्या वाटल्या. एका पिशवीसाठी आलेला माणूस अकरा वर्षे एकाच हॉटेलाच्या लाँड्रीत होता, आणि अकरा वर्षांत त्याचे कागदावरचे मालक चार झाले होते.

दुसरी गोष्ट बक्षिशीची. तुम्ही आनंदाने दिलेले पैसे कोणाचे? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेल कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सांगितले की, कार्डावरून हॉटेलाकडे जमा होऊन नोकरांत वाटली जाणारी बक्षिशी हा मालकाने दिलेला पगार नव्हे. ते पैसे पाहुण्याचे आहेत आणि हॉटेल केवळ मधला हात आहे. प्रश्न कराचा होता, पण तत्त्व मोलाचे आहे. बिलात घातल्या जाणाऱ्या सेवाशुल्काची गोष्ट मात्र अजून धूसर आहे. नव्वदच्या दशकात आम्ही एका हॉटेलात एवढेच मागितले की, महिन्याला किती सेवाशुल्क जमले आणि किती वाटले ते फळ्यावर लिहा. जास्त पैसे मागितले नव्हते, हिशेब मागितला होता. त्यासाठी सात महिने भांडावे लागले. फळा लागला त्या दिवशी आमचे एक जुने वेटर काका तो आकडा बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "अहो, इतकी वर्षे मला वाटत होते, लोक आपल्याला काही देतच नाहीत."

श्रोतेहो, हॉटेलांवर बहिष्कार घालावा, असे मी सांगावयास आलो नाही. हॉटेले चालली पाहिजेत. त्यांवर आमची चूल चालते. पण आज आपल्यापैकी कितीतरी घरांतली लग्ने, मुंजी, साठीशांती मोठ्या हॉटेलांत होतात. तेव्हा यजमान तुम्ही असता. जेवणाच्या ताटाचा दर ठरविताना व्यवस्थापकाला दोन प्रश्न आणखी विचारा. वाढणारी माणसे कोणाच्या पटावर आहेत? आणि सेवाशुल्क घेणार असाल तर ते वाटले जाते हे दाखविणारा फळा कोठे आहे? आम्ही विचारले तर ती मागणी होते आणि तिला उत्तर द्यावयास सात महिने लागतात. गिऱ्हाइकाने विचारले तर उत्तर त्याच टेबलावर मिळते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

जमशेटजींच्या बहिणीने थट्टेने म्हटले तो भटारखाना आज जगभर नावाजला गेला. त्याचे नाव ज्यांनी राखले ती माणसे मागच्या दाराने आली आणि गेली. त्यांचे नाव निदान हजेरीपटावर तरी असावे, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.